संगणकीय खेळांची बाजू : शालेय वादविवादाचा एक पाठ

शालेय वादविवाद स्पर्धांच्या विषयपत्रिकेवर अलीकडे एक विषय हटकून आढळतो : ‘संगणकीय खेळ विद्यार्थ्यांना हितकारक आहेत’. पूर्वी या जागी ‘दूरदर्शन : शाप की वरदान’ हा विषय असे, त्याच्याही आधी चित्रपट असे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत असल्यामुळे आसपासच्या शाळा मला परीक्षक म्हणून बोलावतात, आणि आमच्या कलाशाखेचे काही विद्यार्थी त्या शाळांतील मुलांची तयारी करून घ्यायला जातात. प्रस्तुत लेख मुख्यतः या विद्यार्थ्यांना उद्देशून लिहिला आहे.

या विषयाची प्रतिकूल बाजू बोलायला सोपी. समोर बसलेले पालक, शिक्षक, मुख्याध्यापक हे सारे आधीच त्या बाजूचे असतात. ‘मोबाईलने पोरांचे वाटोळे केले’ एवढे म्हटले की टाळी पडते. अनुकूल बाजू मात्र बहुधा चिठ्ठी टाकून कुणाच्या तरी गळ्यात मारलेली असते. मग ते मूल कुणीतरी लिहून दिलेला कागद पाठ करून येते. कागद सर्वत्र सारखाच : खेळांमुळे बुद्धी तल्लख होते, एकाग्रता वाढते, हात आणि डोळे यांचा मेळ सुधारतो, निर्णयशक्ती येते, इंग्रजी सुधारते, आणि हो, मनावरचा ताण नाहीसा होतो. शेवटी ‘अति तेथे माती, पण योग्य प्रमाणात…’ असे म्हणून नमस्कार. याला मी प्रतिपादन म्हणत नाही. ही औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी झाली. आणि मला खरे खटकते ते वेगळेच. आदल्या रात्री पांघरुणात तोंड खुपसून खेळत बसलेला मुलगा व्यासपीठावर येतो, आणि त्या सभागृहात त्या खेळाविषयी सर्वांत जास्त माहिती ज्याला आहे तोच त्यातले अक्षरही न उच्चारता दुसऱ्याची वाक्ये म्हणून दाखवितो. त्या वाक्यांवर त्याचा स्वतःचाही विश्वास नसतो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. न पटलेले ठासून सांगणे म्हणजे वक्तृत्व, असा धडा आपण त्याला चौदाव्या वर्षी देतो.

माझे मत असे आहे की ही बाजू समर्थपणे आणि प्रामाणिकपणेही मांडता येते. त्यासाठी त्या कागदावरचा बराचसा मजकूर प्रथम खोडावा लागतो, एवढेच.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्व कळावे म्हणून चालतो तो वाद; जिंकण्यासाठी, वेळ पडल्यास शब्दच्छलाचाही आश्रय घेऊन चालतो तो जल्प; आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडून काढते ती वितंडा. आपण स्पर्धांना वादविवाद म्हणतो खरे, पण जेथे गुण आणि फिरती ढाल आहे तेथे जल्पाकडे कल जाणारच. तरीही परीक्षक जागा असेल तर वादाच्या नियमाने बोलणारा पुढे जातो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. यातली गोम ही की प्रतिकूल वक्त्याचे वितंडेवर भागते, अनुकूल वक्त्याचे भागत नाही. प्रतिज्ञा त्याने केलेली असते. सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच असतो.

म्हणून प्रथम विषयवाक्याकडे पाहावे. ‘संगणकीय खेळ’ हा शब्द ‘पुस्तके’ या शब्दाइतका सैल आहे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने, प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांना काही गंमत हवी म्हणून, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. १९६२ साली एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी ‘स्पेसवॉर’ रचला. १९७२ साली अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला आणि खेळ बाजारात उतरला. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह याने ‘टेट्रिस’ लिहिला. आज बुद्धिबळ, शेती, शहर वसविणे, गोळीबार, मोटारीची शर्यत, रमी या साऱ्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो. ‘पुस्तके हितकारक आहेत काय?’ असे कुणी विचारले तर आपण ‘कोणती?’ असे विचारू. तोच प्रश्न अनुकूल वक्त्याने पहिल्या अर्ध्या मिनिटात स्वतः उपस्थित करावा. कोणता खेळ, कोणाला, कशासाठी हितकारक, आणि ते हित मोजले कशाने, हे सांगितल्याशिवाय पुढचे सारे वाऱ्यावरची वरात.

आता त्या कागदावरचे पहिले वाक्य घेऊ : खेळाने बुद्धी तल्लख होते. याच्या पुष्ट्यर्थ मुले बहुधा शल्यविशारदांचा दाखला देतात. तो खरा आहे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्या ३३ डॉक्टरांचा एक अभ्यास २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ज्यांनी पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक वेळ व्हिडिओ गेम खेळण्यात घालविला होता त्यांच्या हातून सरावाच्या चाचणीत ३७ टक्के कमी चुका झाल्या आणि त्यांचे काम २७ टक्के लवकर आटोपले. सभागृहात हे आकडे छान वाजतात. पण दोन गोष्टी मुले सांगत नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलेल्या नसतात. एक तर ही चाचणी सरावाच्या उपकरणांवरची होती, रुग्णावरची नव्हे. दुसरे, खेळल्यामुळे हात चलाख झाले, की ज्यांचे हात मुळातच चलाख त्यांना खेळ आवडले, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

येथे आपल्या नैयायिकांचे गाढव उपयोगी पडते. घट तयार व्हायला माती, चाक, दांडा आणि कुंभार ही कारणे. माती वाहून आणणारे गाढवही घटाच्या आधी तेथे हजर होते. पण गाढव घटाचे कारण नव्हे. माती डोक्यावरून आणली असती तरी घट झालाच असता. अशा गोष्टीला न्यायशास्त्रात ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. डॉक्टरांच्या बाबतीत खेळ हे चाक होते की गाढव होते, हा प्रश्न हुशार प्रतिपक्षी विचारणारच, आणि त्या अभ्यासात त्याचे उत्तर नाही. वर्गात मी हे उदाहरण देतो तेव्हा मुले हसतात. पण पुढे आयुष्यभर वर्तमानपत्रातला प्रत्येक टक्का वाचताना त्यांना ते गाढव आठवावे अशी माझी इच्छा आहे.

कारण ठरवायचे तर प्रयोग हवा. न खेळणारी माणसे घ्यायची, त्यांचे दोन गट करायचे, एकाला एक खेळ द्यायचा, दुसऱ्याला दुसरा. रॉचेस्टर विद्यापीठातील शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बाव्हेलिए यांनी हेच केले. २००३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एका गटाने दहा दिवस, रोज एक तास, युद्धाचा वेगवान खेळ खेळला, दुसऱ्याने टेट्रिस. पहिल्या गटाची दृष्टीचे अवधान सांभाळण्याची क्षमता अधिक वाढली. हा दाखला डॉक्टरांच्या दाखल्यापेक्षा भक्कम आहे. परंतु गोष्ट येथे संपत नाही. २०१८ साली मानसशास्त्राच्या एकाच प्रतिष्ठित नियतकालिकात अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडणारे दोन लेख आले. एकाचा निष्कर्ष, वेगवान खेळांनी अवधान आणि अवकाशबोध यांत काही सुधारणा होते. दुसरा जोव्हान्नी साला, फर्नांड गोबे आणि त्यांच्या सहकाऱ्याचा. त्याचा निष्कर्ष, व्हिडिओ गेमच्या सरावाने एकंदर बौद्धिक क्षमता वाढत नाही. जेथे तज्ज्ञांतच असा मतभेद आहे तेथे नववीच्या मुलाने ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ असे म्हणणे म्हणजे आपल्या हाताने प्रतिपक्षाला काठी देणे होय.

खरे तर हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. १९०१ साली थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांवरून दाखविले की एका कामातला सराव दुसऱ्या कामात आपोआप उतरत नाही. दोन्ही कामांत जेवढे घटक समान असतील तेवढाच उतरतो. त्या काळी लॅटिन आणि भूमिती यांनी बुद्धीला एकंदरच वळण लागते अशी शाळांची श्रद्धा होती. आपल्याकडे संस्कृतच्या रूपावलीविषयी हेच सांगितले जाते. (मला रूपावली प्रिय आहे, पण ती संस्कृत येण्यासाठी.) बुद्धिबळाचेही तेच. ‘संगणकावर कशाला, पटावर बुद्धिबळ खेळा, गणित सुधारेल’ असे प्रतिकूल वक्ता हमखास म्हणतो. त्याला सांगावे की इंग्लंडमधील शंभर प्राथमिक शाळांत हा प्रयोग झाला, २०१६ साली त्याचा अहवाल आला, आणि शिकवणी संपून वर्ष झाल्यावर पाहिले तेव्हा बुद्धिबळ शिकलेल्या मुलांची गणितातील प्रगती न शिकलेल्यांपेक्षा सरस आढळली नाही. म्हणजे ‘बुद्धी वाढते’ हा दावा सोडला तर अनुकूल पक्षाचे जेवढे नुकसान होते तेवढेच प्रतिपक्षाचेही होते. बुद्धिबळ बुद्धिबळासाठी खेळावे. तेवढे कारण पुरेसे आहे.

हा दावा सोडायला आणखी एक कारण आहे, आणि ते मला अधिक गंभीर वाटते. तो मुलांचा दावा नाही, विक्रेत्यांचा आहे. ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून खेळ विकणाऱ्या ‘लुमोसिटी’च्या चालकांवर अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने फसव्या जाहिरातींचा आरोप ठेवला आणि जानेवारी २०१६ मध्ये त्या कंपनीने वीस लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटविले. शाळेत, परीक्षेत, वार्धक्यात बुद्धी टिकेल, असे त्या जाहिराती सांगत होत्या. ज्या विधानासाठी एका कंपनीला दंडासारखी रक्कम मोजावी लागली तेच विधान आपण मुलांकडून फुकट म्हणवून घेतो, आणि समोर बसलेला एखादा पालक ते खरे मानून हप्त्यावर यंत्र विकत घेतो.

मग उरले काय? माझ्या मते बरेच उरले. थॉर्नडाइकचा नियम उलटा करून वाचा : माणूस जे करतो ते शिकतो. तेव्हा खेळताना मूल नेमके काय करते, हे पाहिले पाहिजे. आणि ते सांगायला त्या मुलाहून अधिक योग्य साक्षीदार नाही.

एकदा तयारीच्या वेळी नववीतल्या एका मुलाला मी म्हटले, ‘कागद ठेव बाजूला. तू अडलास कुठे आणि सुटलास कसा, ते सांग.’ प्रथम तो लाजला. मग म्हणाला, ‘सर, त्या पुलावर मी सारखा मरायचो. मला वाटलं, उडी उशिरा मारतोय. म्हणून आधी मारून बघितली. तरी मेलो. मग उडी तीच ठेवली आणि पळायचा वेग कमी केला. तेव्हा कळलं की पूल वेगानं पळालं की तुटतोय, उडीचा काही संबंध नाही.’ बारावीच्या वर्गात मिलची व्यतिरेक पद्धती शिकवायला मला दोन तासिका लागतात : बाकीच्या गोष्टी तशाच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडतो ते पाहावे. या मुलाने ती न शिकता चालविली होती. तर्क केला, तपासला, तो खोटा ठरला, टाकून दिला, दुसरा केला. आणि हे करताना तो तीसएक वेळा हरला होता, पण कुणी त्याला उभे केले नव्हते, प्रगतिपुस्तकावर लाल रेघ आली नव्हती. चूक इतकी स्वस्त असलेली दुसरी जागा त्याच्या दिवसात कोणती आहे, याचा मी विचार केला. मला सापडली नाही. पूर्वी विहिरीवर पोहायला शिकताना, विटीदांडूच्या डावात ती असे. आज चाळीत अंगण नाही आणि विहिरीला जाळी आहे.

येथेही तोल सांभाळावा. पुलावर व्यतिरेक पद्धती चालविणारा मुलगा प्रयोगशाळेत तीच चालवील, असे सिद्ध झालेले नाही. वरचाच नियम आपल्यालाही लागू आहे. पण जो शिक्षक त्याला म्हणेल, ‘तू पुलावर केलेस तेच आता या लंबकाबाबत कर. आधी दोरी बदल, वजन तेच ठेव’, त्याला एक तयार आधार मिळतो. अनुकूल पक्षाने एवढेच म्हणावे. ते कमी नाही.

याचे उत्तम उदाहरण वर्गातलेच आहे आणि ते पन्नास वर्षांहून जुने आहे. १९७१ साली मिनियापोलिसमध्ये डॉन रॉविच हा तरुण पाठनिदेश घेत होता, आपल्या बी. एड्.च्या विद्यार्थ्यासारखा, इतिहास शिकविणारा. आठवीच्या वर्गाला त्याला एकोणिसाव्या शतकातील वसाहतवाल्यांचा मिसूरीपासून ओरेगॉनपर्यंतचा बैलगाड्यांचा प्रवास शिकवायचा होता. बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर या दोन सोबत्यांनी त्यासाठी संगणकाचा कार्यक्रम लिहून दिला. पडदा नव्हताच, दूरच्या संगणकाला जोडलेले एक टंकयंत्र कागदावर मजकूर छापी आणि मुले उत्तर टंकीत. गाडीला बैल घ्यायला किती पैसे, धान्याला किती, काडतुसांना किती, हे निघतानाच ठरवायचे. वाटेत आजार, पाऊस, मोडलेले चाक. धान्यात काटकसर केली तर उपाशी मरायचे, बैलांत केली तर डोंगरात हिवाळा गाठायचा. पुढे १९७४ नंतर राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत काम करताना रॉविचने प्रवाशांच्या जुन्या रोजनिश्या वाचल्या आणि कोणते संकट किती वेळा यावे हे त्यांवरून बेतले. ‘वसाहतवाल्यांना अनेक हालअपेष्टा सोसाव्या लागल्या’ हे वाक्य पाठ करणारा विद्यार्थी आणि ‘मी काडतुसे जास्त घेतली म्हणून माझे लोक उपासाने मेले’ असे म्हणणारा विद्यार्थी, यांच्या इतिहासज्ञानात अंतर आहे. दुसऱ्याला कळले आहे की त्या माणसांपुढे पर्याय होते आणि प्रत्येक पर्यायाची किंमत होती. इतिहास शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना याहून अधिक काय हवे असते?

या खेळावर टीकाही झाली, आणि ती रास्त आहे : ज्यांच्या भूमीतून त्या गाड्या गेल्या त्या मूळ रहिवाशांची बाजू त्यात नव्हती. खेळाचे नियम लिहिणारा आपले जग नियमांत लपवून ठेवतो. हेही विद्यार्थ्याने सांगावे. कारण खेळ ‘वाचता’ येतो, त्याची समीक्षा करता येते, हे दाखविले की तो करमणुकीच्या खात्यातून अभ्यासाच्या खात्यात येतो.

दुसरे उदाहरण विज्ञानातले. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली ‘फोल्डइट’ नावाचा खेळ सुरू झाला. प्रथिनाच्या साखळीची घडी नीट घालायची, घडी जितकी सुबक तितके गुण. माकडांना एड्ससारखा आजार करणाऱ्या एका विषाणूतील प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ हुलकावणी देत होती. ती खेळाडूंपुढे ठेवली आणि तीन आठवड्यांत त्यांनी असे नमुने दिले की त्यांवरून ती उलगडली. २०११ साली तो शोधनिबंध आला तेव्हा लेखकांत खेळाडूंच्या गटांची नावेही होती. आज हेच काम संगणक स्वतः पुष्कळ वेगाने करतो, असे प्रतिपक्षी म्हणेल. म्हणू द्यावे. सामान्य माणसांना खऱ्या शास्त्रीय प्रश्नाशी झुंजायला खेळाने दार उघडले, हा मुद्दा त्याने पुसला जात नाही. मात्र या ठिकाणी डेमिस हसाबिस यांचे नाव घेण्याचा मोह टाळावा. ते तरुणपणी खेळ रचीत होते आणि त्यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले, हे खरे. पण एका माणसावरून नियम निघत नाही. खेळ रचणारे आणि नोबेल न मिळालेले हजारो आहेत.

आता प्रतिपक्षाकडे वळू. हिंसेचा मुद्दा तो प्रथम काढील. त्याला फार वेळ देऊ नये. २०१९ साली इंग्लंडमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिंसक खेळ आणि मुलांची आक्रमक वागणूक यांत संबंध आढळला नाही. एवढे सांगून पुढे जावे. व्यसनाचा मुद्दा मात्र खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश केला आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. येथे व्याख्या वाचून दाखवावी : खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अधिकाधिक महत्त्व येणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे सर्वसाधारणपणे बारा महिने टिकणे. सुट्टीत दोन तास खेळणाऱ्या मुलाला ‘व्यसनी’ म्हणणारा वक्ता या व्याख्येबाहेर बोलतो. परंतु ज्याच्या घरी खरोखर असे मूल आहे तो पालक सभागृहात बसलेला असू शकतो. त्याच्यापुढे हा विकार हसण्यावारी नेऊ नये.

पैशाचा मुद्दा निघाला की महाभारतातील द्यूत येतेच. ते प्रतिपक्षाचे आवडते शस्त्र. येथे अनुकूल वक्त्याने विरोध करूच नये. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, आणि त्याच कायद्याने ई-क्रीडेला मान्यता दिली. म्हणजे ज्या भेदावर आपण पहिल्या अर्ध्या मिनिटात बोट ठेवले तोच भेद कायद्यानेही केला आहे. युधिष्ठिर सर्वस्व हरला तो पणामुळे. पट नुसता मांडलेला असता तर वनवास घडला नसता.

सर्वांत जड मुद्दा वेळेचा. खेळाचा तास कोठून तरी येतो : झोपेतून, वाचनातून, मैदानातून. हे नाकारता येत नाही, आणि नाकारणारा हरतो. येथे उपाधीची कल्पना समजावून घ्यावी. जेथे अग्नी तेथे धूर, असे म्हणता येत नाही; लाकूड ओले असेल तरच धूर. ओले लाकूड ही तेथली उपाधी. ‘खेळ हितकारक’ या विधानालाही उपाधी आहेत : कोणता खेळ, किती वेळ, आणि त्याविषयी बोलायला कुणी मोठे माणूस आहे की नाही. त्या आपणच मोकळेपणाने सांगितल्या की प्रतिपक्षाच्या हातातले अर्धे बाण निघून जातात. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली, हे उदाहरण प्रतिपक्षी देईल. त्याला विचारावे की यात प्रश्न प्रमाणाचा आहे की स्वरूपाचा.

आणखी एक आक्षेप आमच्या तालुक्यातल्या एका मुलीने घेतला, तो शहरी स्पर्धांत मी ऐकला नव्हता. ती म्हणाली, ‘आमच्या घरी फोन एकच. तो दादाकडे असतो. हित झालेच तर त्याचे होईल.’ सभागृह क्षणभर गप्प झाले. अनुकूल वक्त्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर आहे, रॉविचच्या वर्गातही यंत्र एकच होते आणि त्याभोवती मुलांचे गट बसत. खेळ शाळेत, शिक्षकासमोर, पाळीपाळीने आला तर त्या मुलीच्या वाट्यालाही येतो. घराघरांवर सोडला तर तो दादाकडेच राहणार. ‘हितकारक आहेत’ म्हणणाऱ्याने ‘आणि म्हणून ते शाळेत आणा’ असे पुढचे पाऊल टाकले नाही, तर त्या मुलीच्या आक्षेपापुढे त्याचा पक्ष टिकत नाही. मी त्या दिवशी तिला पहिले गुण दिले.

भाषणाचा आरंभ कसा असावा, याचा नमुना देतो. तो पाठ करू नये. प्रत्येकाने आपल्या खेळावरून आपला बेतावा. ‘अध्यक्ष महाराज, खेळाने माझी बुद्धी वाढली असे मी म्हणणार नाही, ते मोजायला माझ्याजवळ साधन नाही. पैसे लावण्याच्या खेळांची बाजू मी घेणार नाही. मी एका खेळाविषयी बोलणार आहे. त्यात मी एका पुलावर एकतीस वेळा पडलो आणि बत्तिसाव्या वेळी पार गेलो. त्या एकतीस वेळांत मी काय काय केले ते सांगतो, आणि मग हेच आपल्या वर्गात कसे करता येईल ते सांगतो.’ पाच मिनिटांपैकी तीन या कथनाला आणि वर्गातल्या उपयोगाला द्यावीत, एक एका बाहेरच्या दाखल्याला, एक आक्षेपांना. दाखला एकच असावा. पाच दाखले दिले की एकही नीट सांगून होत नाही.

परीक्षक शेवटी बहुधा विचारतात, ‘तू स्वतः खेळतोस का?’ येथे मुले गडबडतात आणि ‘कधीकधी’ म्हणतात. खेळाचे नाव सांगावे. किती वेळ, असे विचारले तर तास सांगावेत. दीड असेल तर दीड, चार असतील तर चार. चार म्हटले तर प्रतिपक्ष ते लगेच उचलणार, तेव्हा त्याचे उत्तर आधी घरी आईजवळ देऊन पाहावे.